वसाहतीतला र

करमरकर या आडनावात तीन र आहेत. मेलबर्नला आल्यावर पहिल्या महिन्यातच ते तिन्ही गळून पडले. बँकेत, मुलीच्या शाळेत, दवाखान्याच्या काउंटरवर जो तो ‘मिसेस कामाका’ अशी हाक मारी आणि चित्रलेखा करमरकर मुकाट उठून पुढे जाई. तिला त्याचा राग येत नसे. उलट आतल्या आत हसूच येई. हे र कुठे जातात, कधी गेले आणि का गेले, हे मेलबर्नच्या वेरिबी उपनगरातल्या त्या दवाखान्यात तिच्याइतकं कुणाला माहीत असणार होतं?

पुण्याच्या एका कॉलेजात ती इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवायची. पीएचडी केली होती ती अठराव्या शतकातल्या अमेरिकन वसाहतींतल्या बोलण्यावर. इंग्लंडहून निघालेली माणसं समुद्रापलीकडे गेल्यावर कशी बोलू लागली, त्यांची मुलं कशी बोलू लागली, आणि मागे राहिलेल्यांचं बोलणं दरम्यान कुठे गेलं, यात तिने उमेदीची सहा वर्षं घातली होती. सासूबाई कौतुकाने पाहुण्यांना सांगत, “आमची सून मेलेल्या माणसांचे उच्चार ऐकते.” त्यात थोडा टोमणा असे, पण थोडा अभिमानही असे.

मग यतिनला, तिच्या नवऱ्याला, सॉफ्टवेअरमधल्या अनुभवावर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मिळाला. मयूरा तेव्हा सहा वर्षांची होती. चित्रलेखाने नोकरीसाठी इथल्या युनिव्हर्सिट्यांचे उंबरे झिजवले. एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत गाडी गेली. समोरचे प्राध्यापक सज्जन होते, तिचा प्रबंध त्यांनी खरोखर वाचला होता. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, “काम उत्तम आहे. फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांना लेक्चर समजायला हवं, एवढंच बघावं लागतं.” त्यांच्या म्हणण्याचा अर्थ तिला ट्रेनमध्ये बसल्यावर कळला. ज्या बाईने उच्चारांवर आयुष्य काढलं, तिला उच्चारांवरून घरी पाठवलं होतं.

त्यानंतर तिने नाद सोडला. वेरिबीत एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर व्हिसासाठीच्या इंग्रजी परीक्षेचे क्लास चालत, तिथे ती शिकवू लागली. पंजाब, केरळ, नेपाळ, कुठून कुठून आलेली पोरं समोर बसत आणि चित्रलेखा त्यांना व्ही आणि डब्ल्यूमधला फरक सांगे. सोळा वर्षांत तिच्या प्रबंधाबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. यतिननेसुद्धा नाही. त्याचं बरं चाललं होतं. ऑफिसात तो ‘यॅट’ झाला होता, शेजाऱ्याला ‘मेट’ म्हणत होता, आणि शनिवारी दुपारी बार्बेक्यूवर पनीर भाजत होता.

म्हणून मयूरा त्या दिवशी दारातूनच ओरडत आली तेव्हा चित्रलेखाला आधी काही समजलंच नाही.

“आई, तुझी पीएचडी! समवन ॲक्चुअली नीड्स इट!”

मयूरा आता बावीस वर्षांची. युनीमधून नाटकाची पदवी घेतलेली, सकाळी कॅफेत कॉफी करणारी आणि दुपारी ऑडिशनला धावणारी. फुट्सक्रेच्या एका जुन्या गोदामातल्या स्टुडिओत ब्रॉनविन नावाची बाई आठ भागांची श्राव्य मालिका करत होती. सतराशे साठ-सत्तरच्या सुमारास अमेरिकेत जाऊन राहिलेलं एक इंग्रज कुटुंब आणि त्यांच्याकडून पळून गेलेली मोलकरीण, अशी गोष्ट. मयूराला त्यात गर्दीतल्या बाईचं छोटंसं काम मिळालं होतं. नट सगळे ऑस्ट्रेलियन. ते लोक बोलायचे कसे, यावर तिथे रोज वाद होत होते. कुणी आजच्या टेक्सासचं बोले, कुणी राणीच्या थाटात. शेवटी मयूरा म्हणाली होती, “माय मम डिड अ पीएचडी ऑन धिस.”

चित्रलेखाने कपाटाच्या वरच्या खणातून प्रबंध काढला. दोन रात्री तिला धड झोप लागली नाही. पहिल्या दिवशी तिने साडी नेसावी की नेसू नये यावर इतका विचार केला की शेवटी क्लासला जायचा निळा कुर्ताच घातला.

गोदामात दहा-बारा जण गोल करून बसले होते. ब्रॉनविन उंच, पिकल्या केसांची, बोलायला मोकळी. तिने ओळख करून दिली आणि चित्रलेखा उभी राहिली. पहिली दोन वाक्यं तिने कागदात बघून वाचली. तिसऱ्या वाक्यापासून ती पुण्याच्या कॉलेजातली चित्रलेखा झाली.

“तुम्हाला वाटतं इंग्रज शुद्ध बोलायचे आणि अमेरिकेत जाऊन लोकांनी भाषा बिघडवली,” ती इंग्रजीत म्हणाली. “तसं नाही. दोघंही बदलले. पण ‘हार्ड’मधला, ‘वॉटर’मधला र घ्या. घर सोडून गेलेल्यांपैकी पुष्कळांनी तो सांभाळला. आणि घरी बसलेल्या लंडनकरांनी पुढे टाकून दिला. त्या काळी इंग्लंडहून अमेरिकेला जाऊन आलेले प्रवासी तर लिहून ठेवतात की ही मंडळी आपल्याकडच्या खेडुतांपेक्षा एकसारखं आणि चांगलं बोलतात. नाकं मुरडणं नंतर सुरू झालं.”

“आणि आम्ही?” लॅकलनने विचारलं. कुटुंबप्रमुखाचं काम करणारा हा तांबड्या दाढीचा नट. “आमचा र कुठे गेला?”

“तुमची वसाहत उशिराची. इथे माणसं यायला लागली तोवर लंडनात र उतरणीला लागला होता. तुम्ही तो टाकला नाहीत, तुम्हाला तो शिदोरीत मिळालाच नाही.”

सगळे हसले. ब्रॉनविन मान डोलावत लिहून घेत होती. मग चित्रलेखाने पळालेल्या नोकरांच्या जाहिरातींबद्दल सांगितलं. त्या काळी नोकर किंवा गुलाम पळाला की मालक वर्तमानपत्रात जाहिरात देई. उंची, अंगावरचा कोट, चेहऱ्यावरचा व्रण, आणि तो बोलतो कसा. आयरिश वळणाने बोलतो, यॉर्कशायरचा ठसका आहे, इंग्रजी मोडकं आहे किंवा चांगलं आहे. “कोट बदलता येतो,” ती म्हणाली. “केस कापता येतात. तोंड उघडलं की मात्र माणूस सापडायचा.”

मोलकरणीचं काम करणाऱ्या मुलीने हळूच डोळे टिपले. चित्रलेखाला अनेक वर्षांनी, आपण बोलतो आहोत आणि समोरचे फक्त ऐकताहेत, याचं सुख मिळालं. कोपऱ्यातून मयूरा बघत होती. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं की धास्ती, हे चित्रलेखाने तेव्हा नीट पाहिलं नाही.

मग उच्चारांचा सराव झाला. ती एकेक शब्द म्हणे आणि नट मागून म्हणत. लॅकलनचा कान तिखट. त्याने ‘हार्ड’ म्हटलं ते हुबेहूब तिच्यासारखं, शेवटी घसघशीत पुणेरी ड लावून.

“ड माझा आहे,” चित्रलेखा म्हणाली. “तो ठेव. र तेवढा घे.”

पुन्हा हशा पिकला. तीही हसली. परतीच्या ट्रेनमध्ये तिने यतिनला फोन करून ही गंमत सांगितली तेव्हा तिचा आवाज इतका चढला होता की समोरच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.

आणखी दोनदा तिला बोलावणं आलं. मग मयूराने सुचवलं, “आई, मी गाइड रेकॉर्ड करून देते त्यांना. घरी ऐकून प्रॅक्टिस करतील. तू सांग, मी बोलते.” चित्रलेखाला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट हरखून गेली ती. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर दोघी बसू लागल्या. मयूरा आठ वर्षांची झाली तेव्हापासून मायलेकींत असं बसणं झालं नव्हतं. त्या वयात एकदा शाळेच्या फाटकापाशी मयूराने तिचा हात सोडवून घेतला होता आणि म्हटलं होतं, “मम, डोन्ट टॉक हिअर.” त्यानंतर मुलगी घरात मराठी ऐके आणि इंग्रजीत उत्तर देई.

आता तीच मुलगी समोर बसून विचारत होती, “असं? का असं?”

“जीभ मागे घे. आपला र दातांच्या मागे टकटक करतो. हा कुठेच टेकत नाही, हवेत थांबतो. हनुवटीखाली हात धर, म्हणजे कळेल.” चित्रलेखा स्वतःच्या हनुवटीखाली तळवा धरून दाखवी. जमलं नाही तर कडक शब्दांत पुन्हा म्हणायला लावी. “नाही. पुन्हा. नाही, अजून पुन्हा.” मयूरा कंटाळे, ओठ चावी, पण उठत नसे. कान होता पोरीला. तीन-चार रविवारांत असं बोलू लागली की चित्रलेखाच्या अंगावर काटा आला. ज्या आवाजांना तिने फक्त जुन्या छापील पानांवरून ओळखलं होतं, ते तिच्या स्वतःच्या लेकीच्या तोंडून येत होते.

“जेवणाचं काय?” आतून यतिन विचारी.

“वरण गरम करून घे तुझं तू,” दोघी एकदम म्हणत.

यानंतर स्टुडिओतून बोलावणं येईना. चित्रलेखाने विचारलं की मयूरा म्हणे, “शेड्यूल पुढे गेलंय. सांगते मी.” मे महिना अर्धा गेला. एका गुरुवारी, इथल्या थंडीच्या तोंडावर, क्लासचा हीटर बिघडला, खोली गारठली आणि मालकाने मुलांना दुपारीच सोडून दिलं. चित्रलेखाच्या मनात आलं, फुट्सक्रेला सहज डोकावून यावं. मागच्या खेपेला नेलेला तिचा चिवडा लॅकलनला आवडला होता. घरी जाऊन तिने डबा भरला आणि ट्रेन पकडली.

गोदामाच्या दारावरचा लाल दिवा लागला होता. आत रेकॉर्डिंग चालू होतं. ब्रॉनविन बाहेरच्या खोलीत काचेपाशी बसली होती. चित्रलेखाला पाहून तिने उठून मिठी मारली.

“मायाने बोलावलं का तुला?” स्टुडिओत मयूराला सगळे माया म्हणत. “छान केलं! बघ ना तुझी लेक, आता सगळं तीच सांभाळते.”

काचेपलीकडे मयूरा माइकपाशी उभी होती. भोवती नट. तिने हनुवटीखाली तळवा धरला होता आणि लॅकलनला म्हणत होती, “टेकवू नकोस. हवेत थांबव.” आवाज खोलीतल्या स्पीकरमधून येत होता. मग तिने पळालेल्या नोकरांची गोष्ट सुरू केली. बहुधा त्या दिवशी कुणी नवीन नट आला असावा. उंची, कोट, व्रण. तेच शब्द, तोच क्रम, थांबायच्या जागासुद्धा त्याच. फक्त ‘कोट’ तिच्या तोंडून इथल्या मुलीसारखा लांबत होता आणि वाक्य शेवटी प्रश्नासारखं वर जात होतं. “कोट बदलता येतो,” मयूरा म्हणाली आणि क्षणभर थांबली. ऐकणारे माना हलवत होते.

“मला कुणी कळवलं नाही,” चित्रलेखा हळूच म्हणाली.

“म्हणजे?” ब्रॉनविन गोंधळली. “माया म्हणाली तुझ्याशी बोलणं झालंय. क्लासमुळे तुला वेळ होत नाही म्हणून.” मग तिला वाटलं असावं की या बाईला बरं वाटेल असं काही बोलावं. “खरं सांगू, किती समंजस आहे गं ती. आम्ही कुणी ते बोलून दाखवलं नसतं. तिनेच एके दिवशी बाजूला घेऊन सांगितलं की नट तुझे भारतीय उच्चार उचलताहेत, गोंधळ होतोय, तर ट्रेनिंग मी घेते. तुझा अपमान होऊ नये म्हणून किती जपून बोलली! आईबद्दल असं सांगणं सोपं असतं का?”

चित्रलेखा म्हणाली, “नाही. सोपं नसतं.”

डबा तिने टेबलावर ठेवला. रेकॉर्डिंग संपेपर्यंत ती खुर्चीवर बसून राहिली. मयूरा बाहेर आली, आईला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण नटांसमोर तिने गळ्यात हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “लुक हूज हिअर! माझा पहिला गुरू!”

घरी जाताना गाडी मयूरा चालवत होती. फ्रीवेला लागल्यावर चित्रलेखा म्हणाली, “मला सांगायचं होतंस.”

“सांगणार होते.”

“कधी? मालिका लागल्यावर?”

“आई, प्लीज. इट्स नॉट अ बिग डील. तुझं काम तुझंच आहे, मी कुठे नाही म्हणते?”

“त्यांच्याआधी तूच म्हणालीस ना, की माझ्या बोलण्याने गोंधळ होतो? त्यांनी कुणी तक्रार केली नव्हती. तू केलीस.”

मयूराने लेन बदलली. मग एकदम बोलू लागली, आणि आश्चर्य म्हणजे मराठीत.

“हो, मी केली. कारण ते बोलणारच होते, आज नाहीतर उद्या. मागून हसले असते. तुला माहीत नाही, लॅकलन तू गेल्यावर तुझी नक्कल करायचा. सगळे हसायचे. आणि मी तिथे बसलेली असायचे. मी काय करायचं होतं? हसायचं की रडायचं?”

“त्याला गप्प बस म्हणायचं होतंस.”

“आणि माझं काम घालवायचं होतं?” तिचा आवाज चिरकला. “तूच मला टीव्हीसमोर बसवायचीस, आठवतंय? आल्या आल्या. ‘ते बोलतात तसं बोल, तोंड नीट वळव.’ मराठी शब्द आला की डोळे वटारायचीस. मी सहा वर्षांची होते. मी तेच केलं. तू सांगितलंस तेच केलं. आता मी त्यांच्यासारखी बोलते, तर ते माझं ऐकतात. तुझं नाही ऐकत. यात माझी काय चूक?”

चित्रलेखाने बाहेर पाहिलं. गोदामं, दिव्यांचे खांब, मधूनच मोकळं पिवळं गवत. मुलगी बोलली त्यातलं खोटं काही नव्हतं. युनिव्हर्सिटीतल्या त्या मुलाखतीनंतरच तिने पोरीला टीव्हीसमोर बसवलं होतं, आपल्यासारखी गत हिची होऊ नये म्हणून. पण खरं असलं म्हणून ते गिळवतं असं नाही.

“चूक कुणाची ते मी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “माझं वाक्य निदान माझं आहे असं सांगायचं होतंस.”

“कोणतं वाक्य?”

चित्रलेखा अंगावरच्या कोटाची बटणं लावू लागली.

घरी यतिनने दोघींचे चेहरे पाहिले आणि टीव्हीचा आवाज कमी केला. मयूरा खोलीत गेल्यावर चित्रलेखाने त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अगं, पोरीचं भलं होतंय ना? शेवटी घरातच राहिलं सगळं. बाहेर कुठे गेलं?”

“तुझ्या ऑफिसात तुझं काम दुसऱ्याच्या नावावर लावलं तर असं म्हणशील?”

“दुसऱ्याच्या आणि मुलीच्या नावात फरक नाही का?”

“आहे,” ती म्हणाली. “दुसऱ्यावर खटला घालता येतो.”

मालिका सप्टेंबरात आली आणि चांगली गाजली. चित्रलेखाने क्लासला जाता-येता गाडीत सगळे भाग ऐकले. र अचूक होते. एकही ढळला नव्हता. शेवटी नावं वाचली जात, त्यात ‘उच्चार मार्गदर्शन : माया कर्मा’ असं येई. आडनावातले दोन र मयूराने स्वतःच्या हाताने कापले होते. सगळ्यात शेवटी, संगीत चढत असताना, आभाराच्या यादीत ‘मायाज मम’ असे दोन शब्द ऐकू येत. चित्रलेखाला प्रथम वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पुढच्या भागाला तिने आवाज वाढवून ऐकलं. चुकीचं नव्हतं.

रेडिओवर मयूराची मुलाखत झाली. “ही आवड कुठून आली?” असं मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं. मयूरा हसून म्हणाली, “आय गेस आय हॅव ऑल्वेज हॅड अ गुड इअर.” यतिन चहाचा कप घेऊन ओट्यापाशी उभा होता. “कान तुझ्याकडूनच आला म्हणा तिला,” तो म्हणाला. चित्रलेखाने रेडिओ बंद केला नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग भांडी घासायला घेतली.

महाराष्ट्र मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात मयूराचा सत्कार ठेवला. अध्यक्ष मुरलीधर साठे स्वतः घरी आमंत्रण घेऊन आले. “वहिनी, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. मातोश्री म्हणून स्टेजवर बोलावू.” न जाण्याला कारण काय सांगणार? ती गेली. गडद निळी पैठणी नेसली, केसांत इथे मिळणारी कसलीशी पांढरी फुलं माळली. मयूराने चार वाक्यं मराठीत बोलून दाखवली. ‘नमस्कार’मधला र हवेतच थांबला, ‘ळ’चा ल झाला. लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. “किती गोड बोलते हो!” शेजारची बाई चित्रलेखाला म्हणाली. “इथे वाढलेली मुलं आहेत म्हणून आपण कौतुक करायचं. आणि तुम्ही काय करता?”

“परीक्षेचे क्लास घेते,” चित्रलेखा म्हणाली.

“अरे वा. घरबसल्या?”

“नाही. दुकानाच्या वर.”

नव्या वर्षात मयूरा सिडनीला गेली. तिथे तिला उच्चार शिकवण्याचीच कामं मिळू लागली. वेंटवर्थव्हिलला एका मैत्रिणीबरोबर घर घेऊन राहिली. दर रविवारी फोन येई. हवापाणी, जेवणखाण, बाबांचं ब्लडप्रेशर. त्या दुपारबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. एखाद्या खोलीत सामान भरून दार लावून टाकावं, तसं ते झालं होतं. तिकडे जायचं काही कारणच पडत नसे.

एकदा मात्र फोन बुधवारी आला.

“आई, बिझी आहेस का? एक विचारायचं होतं.” मयूराचा आवाज जरा जास्तच मोकळा होता. “नवीन प्रोजेक्ट आहे. सिडनीच्या पहिल्या वसाहतीतली मुलं. इथे जन्मलेली पहिली पिढी. ती कशी बोलायची? म्हणजे आईबाप कैदी, कुणी लंडनचे, कुणी आयरिश, कुणी कुठले. मुलं कुणासारखी बोलली असतील? तू यावर पण वाचलं होतंस ना?”

वाचलं होतं. अमेरिकेच्या तुलनेसाठी प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण तिने त्यावर लिहिलं होतं. अशा मुलांचं बोलणं कुणा एकाच्याच आईबापांसारखं होत नाही. अंगणात खेळता खेळता ती सगळ्यांच्या तोंडची टोकं घासून काढतात, आणि एका-दोन पिढ्यांत आईबापांना परकं वाटेल असं तिसरंच काही तयार होतं. पण ते एका दिवसात होत नाही. पहिल्या मुलांच्या बोलण्यात अजून सगळ्यांचे तुकडे दिसत असणार, एकाच घरात दोन भावंडं वेगवेगळी बोलत असणार. हे सगळं चित्रलेखाच्या जिभेवर आलं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

“माझा तो विषय नाही,” ती म्हणाली.

“आई, पण तूच मला सांगितलं होतंस. टेबलावर. अंगणातल्या मुलांचं काहीतरी.”

“सांगितलं असेन. आता आठवत नाही. वय झालं.”

मयूराला खरं काय ते समजलं, हे चित्रलेखाला समजलं. मुलगी एकदा ‘सॉरी’ म्हणाली असती तर? चित्रलेखा फोन कानाला लावून थांबली. तेवढं थांबणं तिने दिलं.

“ओके,” मयूरा म्हणाली. “दुसऱ्या कुणाला विचारते. बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत.”

ती मालिका हिवाळ्यात लागली. चित्रलेखा क्लासहून परतत होती. पाऊस भुरभुरत होता आणि वायपर काच पुसत होते. पहिल्याच भागात कैद्यांची दोन मुलं खाडीकाठी भांडताना ऐकू आली. दोघंही एकसारखी बोलत होती, आज वेरिबीच्या शाळेबाहेर बोलतात तशी, घोटीव आणि तयार. मयूराला विचारायला कुणी मिळालं नव्हतं किंवा मिळालं त्याने काहीबाही सांगितलं होतं. चूक ढळढळीत होती. ती मयूराच्या नावाने हजारो लोकांच्या कानांत चालली होती, आणि ती चूक आहे हे ओळखणारं त्या रस्त्यावर एकच माणूस होतं.

चित्रलेखाला आनंद झाला. एकदम, पोटातून, लहान मुलीसारखा. तिने स्टिअरिंगवर हात आपटला आणि मोठ्याने म्हणाली, “चूक!”

मग पुढचं वाक्य आलं, त्यातही तीच चूक. त्याच्या पुढच्यातही. जुन्या पानांवर सहा वर्षं डोळे फोडून तिने जे जे मिळवलं होतं, त्याची माती होत होती आणि ती ऐकून आपण खूश होतो आहोत. तिने गाडी कडेला घेतली. घर पाच मिनिटांवर होतं, तरी भाग संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. या वेळी शेवटी आभाराची यादी नव्हती. तिने लगेच दुसरा भाग लावला.